मीपण आणि मुक्ती
विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने केली व साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांच्यातील ‘मी’ ईश्वरचरणी अर्पण करण्याच्या संस्कारात वाढलेल्या आम्हा खानदेशी वाचकांस, स्त्रीला स्वतःचा शोध लागल्याच्या कथा आवडीने वाचणे हे मीपणाचेच पोषण नव्हे काय, असा प्रश्न पडतो, आणि तो गंभीर आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मला त्याचे उत्तर वाटते. पती १८९५ साली ख्रिस्ती झाले, म्हणून ही बाई त्यांच्यामागे फरफटत गेली नाही. सोवळेओवळे सांभाळीत ती वेगळी राहिली, आणि जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या मुकदम्याचा निकाल स्वतःच्या विवेकापुढे लागल्यावरच, १९०० साली, तिने बाप्तिस्मा घेतला. जो ‘मी’ कधी आपल्या दप्तरी दाखलच झाला नाही, तो ईश्वरचरणी अर्पण तरी कोणी करावा?

अक्षरओळख नसलेल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या आमच्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंनी हात पाहू इच्छिणाऱ्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठविले, ते त्यांच्या एका गाण्यात आहे. त्या नकारात मला अहंकार तिळमात्र आढळत नाही, आढळते ती श्रद्धाच, आणि ती कोणाकडून उसनी घेतलेली नाही.