अंदाजावर आग पेटवू नकोस

व्हरमाँटच्या थंडीत, घरात बायकामुलं झोपलेली असताना, फायरप्लेसमधल्या इन्सर्टमध्ये लाकडं ठासून भरायची, हवेची झडप जवळजवळ बंद करायची आणि खुशाल झोपायला जायचं. वर मला फोनवर कौतुकानं सांगायचं, ‘सर, सकाळपर्यंत निखारे राहतात!’ धुराचं तापमान किती असतं, असं विचारलं तर म्हणतोस, ‘काच चांगली गरम लागते, म्हणजे ठीकच असेल.’ माझ्या वर्गात हे उत्तर दिलं असतंस तर बाकावर उभा केला असता तुला. अंदाजपंचे काम करायला मी शिकवलं होतं का?

द्रवीभवन माझ्याकडेच शिकलास ना? मग ऐक. हवा कोंडली की लाकूड धुमसतं. पाण्याची वाफ आणि न जळलेले डांबरी पदार्थ धुराबरोबर वर जातात. धूर निवत निवत 250 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 120 सेल्सिअसच्या खाली आला की ते सगळं धुरांड्यातल्या नळीच्या, म्हणजे लायनरच्या, आतल्या अंगाला साकळतं. हेच क्रिओसोट. आधी काजळी, मग पापुद्रे, आणि शेवटी ब्रशानंही न निघणारा काळा चकचकीत थर. पुढे कधीतरी सुकं सरपण टाकून मोठा जाळ केलास की तो थरच पेट घेतो. धुरांड्यातली आग 2,000 फॅरनहाइटपर्यंत जाऊ शकते. तुझी सकाळपर्यंत टिकणारी आग रोज रात्री हाच थर चढवते आहे.

इन्सर्टची नळी दिसतच नाही, हे तुझं गाऱ्हाणं मला मान्य आहे. सुट्या स्टोव्हच्या नळीवर चुंबकाचा थर्मामीटर सहज चिकटतो. तुझा इन्सर्ट जुन्या विटांच्या फायरप्लेसमध्ये बसवलेला, त्याचा लायनर चौकटीच्या पत्र्यामागे. पण म्हणून चुंबक इन्सर्टच्या माथ्यावर चिकटवून तोच आकडा धुराचा समजायचा? तो माथ्याच्या लोखंडाचा आकडा आहे. पंखा लावलास की तोही खाली येतो. मोजायचा आहे धूर, आणि धूर जिथून जातो तिथेच मोजला पाहिजे. के प्रकारच्या थर्मोकपलची सळई इन्सर्टच्या तोंडाच्या थोडी वर, धुराच्या वाटेत बसते. तिची तार चौकटीमागून बाहेर काढली की डिजिटल आकडा तुझ्या खुर्चीतून वाचता येतो. मात्र ड्रिल हातात घेण्याआधी कंपनीचं माहितीपुस्तक वाच आणि भोक जाणकार माणसाकडूनच पाडून घे.

आकडे वाचायलाही शिक. एकेरी पत्र्याच्या नळीत आतला धूर बाहेरच्या पत्र्याच्या दीडपट ते दुप्पट तापलेला असू शकतो. त्यामुळे चुंबकी थर्मामीटरवरचे रंगीत पट्टे सळईच्या आकड्याला लावू नकोस. सळईवर साधारण 400 ते 900 फॅरनहाइट हा चांगला टप्पा. तुझ्या इन्सर्टच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर ते प्रमाण मान. आकडा त्या टप्प्याखाली तासन्‌तास रेंगाळला की क्रिओसोट साठतंय, आणि 1,000 च्या वर चढला की झडप बंद करायला उठ.

ओलं लाकूड जाळलंस तर तो आकडा वर चढणारच नाही. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या आत हवी, आणि ती ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजायची. बाहेरून सालीवर मीटर टेकवून ‘सुकंय’ म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक.

अमेरिकेच्या एनएफपीए 211 या मानकात धुरांड्याची तपासणी दरवर्षी करायला सांगितली आहे. तू घर घेतल्यापासून एकदाही केलेली नाहीस. तीन जीव तुझ्या भरवशावर वरच्या खोल्यांत झोपतात, याची तरी चाड ठेव! उद्याच धुरांडं साफ करणाऱ्याला फोन कर, आतून तपासून घे, थर्मोकपल बसवून घे. तोवर इन्सर्ट पेटवू नकोस, हीटरवर भागव. काम झालं की मला आकडा कळव.