नवे मांस कोणाचे?

चेन्नईतल्या मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरात पूम्पावैचे छोटे देऊळ आहे. सर्पदंशाने गेलेल्या या मुलीच्या अस्थी वडिलांनी घटात जपून ठेवल्या होत्या. सातव्या शतकातल्या संबंदर या शैव संताने पदे गायिली आणि ती घटातून जिवंत उठली, असे ‘पेरियपुराणम्’ सांगते. वडिलांनी मुलगी संबंदरांनाच देऊ केली. त्यांनी नकार दिला: मी जीव दिला, म्हणजे ही माझी लेक झाली.

चमत्कार बाजूला ठेवला, तरी हा नकार मोलाचा आहे. देह पुन्हा घडवणाऱ्याचा त्या देहावर हक्क किती?

तंबाखूने होणाऱ्या कर्करोगात जीभ किंवा गाल कापावा लागला, की सर्जन मनगटाजवळची वा मांडीची त्वचा रक्तवाहिन्यांसकट उचलून तोंडात बसवतात. एक जखम भरण्यासाठी दुसरी करावी लागते. बायोप्रिंटिंगची आशा ती टाळण्याची आहे: रुग्णाच्या पेशी वाढवायच्या, जेलमध्ये मिसळायच्या आणि थरावर थर देत ऊती छापायची. 2022 मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच कूर्चापेशींपासून छापलेला कान बसवला गेला. जीभ अजून लांब आहे; रक्तवाहिनीपासून साधारण 0.2 मिलिमीटरपलीकडची पेशी तग धरत नाही आणि जाड मांसात वाहिन्यांचे जाळे विणणे कठीण आहे.

या जेलमधले कोलॅजन हे प्रथिन बहुधा जनावराचे असते, गायीचे किंवा डुकराचे. चेन्नईतच 1948 साली स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत कातड्यातल्या कोलॅजनवर मोठे काम झाले आहे. जेल पुढे विरते, त्याची जागा रुग्णाच्या पेशी घेतात. तरीही जैन, हिंदू वा मुसलमान रुग्णाने ‘हे कशाचे?’ असे विचारले, तर तो अडाणीपणा नव्हे. चेहरा त्याचा आहे.

मालकीचा प्रश्न याहून खोल आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या मराठा बैलहाक्याची हकिकत 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने छापली. पुण्याजवळच्या एका कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतला, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमधला कातडीचा देठ तेवढा जोडलेला ठेवला. टाका एकही नाही. काताच्या लेपाने कडा बसवल्या. देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापला. कातडी कावसजीची, नाकही त्याचेच. कारागिराचे नावसुद्धा छापले गेले नाही.

प्रयोगशाळेत हे इतके सरळ राहत नाही. 1951 मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या. जगभर त्या वाढवल्या आणि विकल्या गेल्या, कुटुंबाला मात्र कित्येक वर्षे पत्ताही नव्हता. पेशी वाढवणाऱ्याला श्रमाचे मोल मिळावे. पेशींची मालकी नव्हे. संबंदरांनी नेमकी हीच रेघ ओढली होती.

म्हणून बायोप्रिंटिंग रुग्णालयांत येण्याआधीच संमतिपत्रात दोन ओळी हव्यात, तमिळमध्ये, मराठीत, रुग्णाला कळेल त्या भाषेत: जेल कोणत्या प्राण्याचे आहे, आणि उरलेल्या पेशी कोणाकडे, किती काळ राहतील. सही करण्यापूर्वी रुग्णाने आणि घरच्यांनी त्या मागून घ्याव्यात.