खोट्या आकृतीतले ज्ञान

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या शिवारात कपाशीला युरिया टाकला की मातीतले जिवाणू टप्प्याटप्प्याने त्याचे नायट्रेट करतात आणि ते मुळांना मिळते. अकरावी सायन्सच्या वहीत याच नायट्रेट आयनाची लुईस संरचना काढावी लागते. हिशेब सरळ आहे: नायट्रोजनचे 5, तीन ऑक्सिजनचे 18 आणि ऋण प्रभाराचा 1, एकूण 24 संयुजा इलेक्ट्रॉन. मधोमध नायट्रोजन, एका ऑक्सिजनशी दुहेरी बंध, उरलेल्या दोघांशी एकेरी. सगळ्यांचे अष्टक पूर्ण. प्रत्यक्ष मोजले तर मात्र तिन्ही बंध सारखेच, सुमारे 125 पिकोमीटरचे भरतात. एकेरीहून आखूड, दुहेरीहून लांब. दुहेरी बंध कोणत्या ऑक्सिजनकडे द्यायचा याची तीन उत्तरे निघतात, तिन्ही तोडीस तोड, आणि त्यांतले एकही निसर्गात सापडत नाही. मग जे कुठेच नाही ते काढायला शिकवणे, हे ज्ञान म्हणायचे का?

याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी आहे. ज्या अद्वैत वेदान्ताची मांडणी त्यांनी मराठीत केली, त्यात अशा प्रश्नाला जुने उत्तर आहे: अध्यारोप आणि अपवाद. वस्तूवर आधी एक रूप आरोपायचे, त्याच्या आधाराने समज पुढे न्यायची आणि मग ते रूप मागे घ्यायचे. रसायनशास्त्रातही तसेच झाले: लुईसने 1916 साली इलेक्ट्रॉनच्या जोड्या मांडल्या. पुढे पाउलिंगच्या रेझोनन्सने, म्हणजे अनेक आकृत्या मिळून एकच रूप सांगतात या कल्पनेने, एकाच आकृतीचा हट्ट सोडायला लावला. साम्य पद्धतीपुरतेच आहे, कारण रसायनशास्त्रात आकृती मागे घ्यायला मोजमाप भाग पाडते.

यावर कोणी म्हणेल, सगळ्याच आकृत्या अपुऱ्या, तर डावे-उजवे कशाला? सायनेट आयन पाहा. त्यातही अष्टक पाळणाऱ्या तीन आकृत्या निघतात. एकीत ऋण प्रभार ऑक्सिजनवर येतो, दुसरीत नायट्रोजनवर, तिसरीत नायट्रोजनवर उणे 2 आणि ऑक्सिजनवर चक्क अधिक 1. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन अधिक ओढून धरतो, म्हणून पहिली सर्वांत स्थिर आणि तिसरी जवळपास बाद. म्हणजे अपुरेपणातही तरतम असते आणि ते कारणे देऊन ठरवता येते. दुसरा आक्षेप 1951 साली मॉस्कोच्या परिषदेत सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी घेतला: अस्तित्वात नसलेल्या रचनांवर उभा असलेला रेझोनन्स हा निव्वळ चिद्वाद आहे, कल्पनेलाच वास्तव मानणे आहे. त्यात राजकारण भरपूर होते, पण एक इशारा रास्त होता. आयन तीन रूपांत उड्या मारत नाही. त्याचे रूप एकच आहे, आपल्या रेघांना ते एका दमात पकडता येत नाही. तेवढ्याने रेघा टाकाऊ ठरत नाहीत. नायट्रेटच्या तिन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या की बंध समान असणार, हे मोजण्याआधीच कळते.

जी आकृती आपली मर्यादा स्वतःच दाखवते, ती ज्ञानच आहे. मर्यादा लपवून घोकून घेतली तर तीच अंधश्रद्धा होते. म्हणून शिक्षकांनी आकृतीला गुण द्यावेत, आणि ती कुठे अपुरी पडते हे सांगणाऱ्या एका वाक्यालाही तितकेच द्यावेत.