आधी प्रत कर, मग डिस्कचा भाव विचार

पहिली गोष्ट, लॅपटॉपला दोष देणं बंद कर. लॅपटॉपनं दगा दिला आणि आजीच्या ओव्या गेल्या, असं तू भावकीत सगळ्यांना सांगत सुटला आहेस. लॅपटॉप आज ना उद्या बंद पडणारच होता, यंत्र आहे ते. ओव्या गेल्या त्या तुझ्या चालढकलीनं. घरात कुणी तुला हे तोंडावर म्हणणार नाही, कारण तू शिकलासवरलेला, पुण्यात नोकरीला. मी तुला चौथीत पाढे शिकवलेत. मी म्हणणार, आणि तू ऐकून घेणार.

आजीनं काय केलं होतं ते आठव. हिर्डोशीच्या तुमच्या वाडीत जातं थांबून किती वर्षं झाली होती, दळण कधीचं गिरणीवर जात होतं. तू मोबाईल पुढे धरलास म्हणून तिनं पडवीतलं जातं पुसून घेतलं, सैल झालेला खुंटा ठोकायला लावला, मूठभर नाचणी घातली आणि गुडघे धरले असतानाही खाली बसली. जातं फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही, असं तिनं तुला सांगितलं होतं. सगळं मिळून बारा तास ती तुझ्यासाठी गायली. माहेरच्या वाटेच्या ओव्या, भावाच्या, विठोबाच्या. आणि नीरा-देवघर धरणाचं पाणी चढलं तेव्हा बुडालेल्या खाचरांवर तिनं स्वतः रचलेल्या. या शेवटच्या दुसऱ्या कुणालाच पुऱ्या येत नव्हत्या. आता ती नाही.

तू काय केलंस? फोन भरला म्हणून रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलंस आणि फोनमधलं पुसून टाकलंस. वर मला म्हणालास, ‘बाई, बॅकअप झाला.’ अरे, एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं याला बॅकअप म्हणतात का? प्रत एकच होती, ती फक्त हलली. आजोबांच्या कागदांचंही तेच. फेरफार, धरणाच्या नोटिसा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला हे सगळं स्कॅन केलंस, ते चांगलं केलंस. पण ‘आता कॉम्प्युटरवर आहे’ म्हणून मूळ कागद गोठ्याच्या माळ्यावर टाकलेस. त्यातले निम्मे वाळवीनं खाल्ले. म्हणजे जिथं दोन प्रती होत्या, तिथंही तू एकच उरवलीस.

यावर तुझं उत्तर ठरलेलं असायचं. ‘बाई, मी बघतोय. क्लाउड घ्यावं की एक्स्टर्नल हार्डडिस्क, की घरातच छोटा सर्व्हर बसवावा, तुलना चालू आहे.’ ती तुलना संपलीच नाही. कुठल्या कंपनीची डिस्क टिकते याचे व्हिडिओ पाहिलेस, 4 टीबीचा भाव दिवाळीत उतरेल म्हणून थांबलास, दिवाळी आली आणि गेली. आता कागद-पेन घे आणि तुझंच गणित कर. मोबाईलचं साधं रेकॉर्डिंग, 128 केबीपीएस धरलं तर तासाला साधारण 58 एमबी. बारा तासांचे किती? पाऊण जीबीसुद्धा नाही! आजोबांचे कागद दोनशे पानं असतील, पानाला एक एमबी धर. बुडालेल्या गावठाणाचे जुने फोटो मिळवले तरी सगळं दहा जीबीच्या आत बसतं. गूगलच्या खात्यावर 15 जीबी जागा फुकट मिळते, आणि ते खातं तुझ्याकडे शाळा सोडल्यापासून आहे. ओव्या वर चढवायला दोन एमबीपीएसच्या रडक्या नेटवरसुद्धा पाऊण-एक तास लागला असता. तू 4 टीबी कशासाठी शोधत होतास? सिनेमांसाठी. जे बाजारात पुन्हा मिळतं त्याच्या ढिगाखाली जे कधीच मिळणार नाही ते दडपून ठेवलंस, आणि मग डेटा फार आहे म्हणून कुरकुरलास.

डेटा फार आहे ही सबब मोठमोठ्यांनीही सांगितलेली आहे. दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला 26 सप्टेंबर 2025ला आग लागली. सरकारी नोकरांची कामाची फाइल-साठवण तिथं होती, 858 टीबी. साठा अवाढव्य म्हणून त्याची दुसरीकडे प्रत ठेवलीच नव्हती. सगळं जळालं. त्यांच्यापाशी निदान आकडा तरी मोठा होता. तुझ्यापाशी तोही नव्हता.

पद्धत निवडायची म्हणजे आधी कंपनी निवडायची नसते. माझ्या वस्तूवर कोणकोणती संकटं येऊ शकतात, ते विचारायचं असतं. हिर्डोशीत वाढलेल्याला ते शिकवावं लागावं याचं मला वाईट वाटतं. पावसाळ्यात तिथं लाइट जाते आणि येते ती झटका देत येते. कौलातून पाणी ठिबकतं, भिंती ओल धरतात, कपाटातल्या सीडीला बुरशी येते. वरंध घाटात दरड आली की रस्ता बंद, रेंजचा भरवसा नाही. पुण्याला परतताना स्वारगेटला बॅग जाऊ शकते. शिवाय तुझं स्वतःचं बोट चुकीच्या फोल्डरवर पडू शकतं, आणि फुकटचं सॉफ्टवेअर उतरवताना खंडणी मागणारा व्हायरस आत येऊ शकतो. मे 2017मध्ये वॉनाक्रायनं जगभरातल्या कॉम्प्युटरांना असंच कुलूप घातलं होतं. लॅपटॉपला कायम जोडून ठेवलेली डिस्क विजेच्या झटक्यात आणि अशा व्हायरसमध्ये लॅपटॉपसोबतच जाते. क्लाउडला पाणी-वीज बाधत नाही, पण चुकीचं बोट बाधतं. एकटी कुठलीच पद्धत सगळ्या संकटांना पुरत नाही, म्हणून ‘हे की ते’ असं विचारायचंच नाही. दोन्ही लागतात.

क्लाउडबद्दल तुझ्या डोक्यात एक गैरसमज घट्ट बसलाय, तो काढ. गूगल ड्राइव्हचं फोल्डर लॅपटॉपशी जुळवून ठेवलं की झालं, असं तुला वाटतं. त्याला सिंक म्हणतात. इथं पुसलंस की तिथंही पुसलं जातं. इथली फाइल खराब झाली की तिथंही खराबच जाऊन बसते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल 30 दिवस राहते, नंतर कायमची जाते. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती 2023च्या डिसेंबरपासून गूगल काढून टाकू लागलं आहे. म्हणून क्लाउडवर चढव, जरूर चढव, पण त्या खात्यात अधूनमधून जात राहा, त्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेव आणि पासवर्ड कागदावर लिहून आईच्या ट्रंकेत ठेव. उद्या तुला काही झालं तर घरच्यांना ते उघडता आलं पाहिजे.

पीटर क्रोग नावाचा अमेरिकन छायाचित्रकार आहे. फोटोग्राफरांसाठी लिहिताना त्यानं एक नियम रूढ केला, आज सगळं जग तो 3-2-1 म्हणून ओळखतं. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुझ्या आजीला हा नियम कुणी सांगितला नव्हता. तरी ती भाताचं बियाणं एका कणगीत कधी ठेवत नव्हती. थोडं वरच्या आळीला दिराकडे असायचं, थोडं माहेरी. एका घरात कीड लागली तरी पेरणी अडत नसे. तू त्याच घरात वाढलास.

घराबाहेरची प्रत हा नियमातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग, आणि माणसं तोच गाळतात. 12 जुलै 1961ला शेजारच्या वेल्ह्यातलं पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ज्याचं कपाट आणि ट्रंक दोन्ही एकाच घरात होती, त्याचं दोन्ही गेलं. तुझी एक्स्टर्नल डिस्क आणि लॅपटॉप एकाच बॅगेत फिरत असतील तर हिशोबाला ती एकच प्रत धर. एक डिस्क धनकवडीच्या खोलीवर ठेव, दुसरी भोरला भावाकडे. हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून. गणपतीला आणि शिमग्याला घरी जातोसच, तेव्हा अदलाबदल कर. प्रत काढायला विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री आहे, मॅकमध्ये टाइम मशीन, दोन्ही फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपतात. पैसे लागत नाहीत. काम झालं की डिस्क उपटून बाजूला ठेवायची, लटकत ठेवायची नाही.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग आला ती. लॅपटॉपमधली डिस्क आठवडाभर कट्-कट् वाजत होती. तू ऐकत होतास. आत चकती मिनिटाला हजारो फेरे घेते, वाचणारा काटा तिच्यावर केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगतो. तो आवाज म्हणजे काटा आपली जागा शोधतोय आणि त्याला सापडत नाही. त्या वेळी मशीन तिथल्या तिथं बंद करायचं असतं. तू काय केलंस? पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलंस, फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर तिच्यावर फिरवलंस, आणि शेवटी एका दुकानात दिलीस. त्यांनी टेबलावर, पंख्याखाली तिचं झाकण उघडलं. धुळीचा एक कण तिथं पुरेसा असतो. वाचण्याची जी काही आशा होती ती तिथं संपली. आणि एसएसडी घेतली असती तर वाचलो असतो, असं आता म्हणू नकोस. ती मरताना बहुतेक वेळा आवाजही करत नाही.

पेन ड्राइव्हवर तू एकदा कॉपी टाकली होतीस, हेही मला कळलं. ती उघडून पाहिली होतीस का? नाही. शेवटी उघडली तेव्हा फोल्डर होतं, फाइली शून्य केबीच्या होत्या. 31 जानेवारी 2017ला गिटलॅब या कंपनीत एका माणसानं चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी एकही कामाला आली नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कुणी काढलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं. प्रत परत आणून, उघडून, कानानं ऐकून पाहिली नाही तर ती आहे असं म्हणायचा अधिकार नाही.

आणि ओव्यांच्या बाबतीत तुला वाट दाखवणारे आपल्याच डोंगरात होऊन गेलेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी मावळ-मुळशीच्या वाड्यावस्त्यांपासून सुरुवात करून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आधी कागदावर उतरल्या, मग बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर घालण्याची व्यवस्था केली, सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइटवाँ 2004मध्ये गेले, हेमाताई 2010मध्ये. ओव्या राहिल्या, कारण त्या एका माणसाच्या एका यंत्रात अडकलेल्या नव्हत्या. आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर त्या कुणालाही वाचता-ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. ज्या बायांनी त्यांना गाऊन दाखवलं त्या तुझ्या आजीसारख्याच होत्या. त्यांचा आवाज राहिला. तुझ्या आजीचा राहिला नाही, आणि ती जबाबदारी तुझी होती.

उरलंय ते एवढंच: तुझ्या आत्याच्या फोनमध्ये तीन ओव्या सापडल्यात. तू कधीतरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्यास. आवाज दबलेला आहे, पण शब्द कळतात. तो फोन जुना आहे आणि आत्या येता-जाता तो पाडते. या शनिवारी जा. फोन हातात घेतल्याबरोबर त्या तीन ओव्या पेन ड्राइव्हवर काढ, रेंज मिळाली की गूगल ड्राइव्हवर चढव, आणि वहीत शब्द उतरव, आत्याला विचारून, ओळीनं ओळ. मग खालच्या आळीला जा. आजीसोबत दळायला बसायच्या त्या दोघी अजून आहेत, त्यांतल्या एकीला धरणाच्या ओव्यांतलं काहीबाही आठवतं असं आत्या म्हणते. त्यांच्यापुढे हात जोड, जातं मांड, रेकॉर्डिंग कर. त्याच संध्याकाळी दुसरी प्रत झाली पाहिजे, आणि तिसरी भोरला भावाच्या हातात दिल्याशिवाय पुण्याची गाडी धरू नकोस. फोनमधलं काही पुसू नकोस. मला फाइल पाठवू नकोस, भोरहून फोन लाव आणि भावाच्या डिस्कवरची ओवी चालू करून मला ऐकव.