कानाची साक्ष



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका घरचा ॲम्प्लिफायर बंद पडला. घर कोणाचे ते सांगत नाही, पण घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत. एका स्पीकरमधून नुसती खरखर, दुसऱ्यातून काहीच नाही. घरमालकांनी नवा घ्यायचे ठरवले. सेमिनरीत असताना आम्ही ध्वनिक्षेपकाच्या वायरी जोडत असू, ही जुनी गोष्ट कुणीतरी त्यांना सांगितलेली होती. ते मिस्सानंतर थांबले आणि म्हणाले, "फादर, तुम्ही बरोबर चला. तुम्ही सांगाल तो घेऊ."

आम्ही गेलो. आमची चूक तिथूनच सुरू झाली.

ॲम्प्लिफायरचे काम तसे साधे. सीडी, रेडिओ किंवा मोबाइलमधून येणारा विजेचा संकेत इतका क्षीण असतो की त्याने स्पीकरचा पडदा हलत नाही. तो संकेत जसाच्या तसा ठेवून मोठा करायचा, एवढेच. स्वतःचे काही घालायचे नाही, असलेले काही गाळायचे नाही. (वाचकपीठावर उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हे काम काय असते ते जरा मनात घोळवावे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

दुकानात दोन ॲम्प्लिफायर समोर आले. एक चाळीस वॅटचा, दुसरा ऐंशी वॅटचा आणि किमतीनेही जवळजवळ दुप्पट. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज असे आपल्याला वाटते, आणि तसे ते मुळीच नाही. दुप्पट वॅटने आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो. कानाला आवाज दुप्पट भासायचा तर साधारण दहापट वॅट लागतात. घरच्या खोलीत आपण बोलण्याच्या पातळीवर गाणी ऐकतो, तेव्हा बहुतेक वेळ एखादा वॅटसुद्धा खर्च होत नाही. शिवाय खोक्यावरचे आकडेही नेहमी खरे बोलतात असे नाही. 1990 च्या दशकात हातात मावतील अशा प्लास्टिकच्या स्पीकरांवर ‘पीएमपीओ’ म्हणून शेकडो वॅट छापलेले असत, ते अनेकांना आठवत असेल. त्या मोजणीला कुठलेही मान्य प्रमाण नव्हते. अमेरिकेत अशा फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी 1974 साली सरकारला नियम करावा लागला आणि 2024 साली त्यातल्या मोजणीच्या अटी आणखी नेमक्या कराव्या लागल्या. पन्नास वर्षे झाली तरी वॅटच्या आकड्यामागे कायदा धावतोच आहे.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. तरीही दुकानदाराने दोन्ही ॲम्प्लिफायर आळीपाळीने लावले तेव्हा आम्ही डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणालो, "दुसऱ्यात स्वर मोकळे आहेत. तबल्याची थापही स्वच्छ येते." घरमालकांना स्वतःला फरक जाणवला नव्हता. पण आम्ही बोललो म्हणताच त्यांनाही तो ऐकू येऊ लागला. "होय फादर, खरंच," ते म्हणाले. किमतीतला फरक त्यांच्या सव्वा महिन्याच्या निवृत्तिवेतनाइतका होता, हे आम्हाला नंतर कळले.

पैसे त्याच दिवशी दिले गेले नाहीत ते भाच्यामुळे. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. "मामा, जुना उघडून तर बघू," म्हणाला. उघडला, तर आतले दोन कपॅसिटर फुगलेले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातले द्रव्य सुकते, तसे झाले होते. काही शे रुपयांत जुना ॲम्प्लिफायर बोलू लागला. इकडे दुकानदाराने अनामत घेऊन महागडा ॲम्प्लिफायर दोन दिवस घरी न्यायला दिलेला होता. आता दोघे शेजारी शेजारी ठेवलेले. भाच्याने आमच्याकडे पाहिले. "फादर, तुम्ही ओळखाल ना?"

त्याने काम नीट केले, हे सांगितले पाहिजे. दोन यंत्रांच्या आवाजाची पातळी थोडी जरी वेगळी असली तरी मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानात कुणी पातळी जुळवली नव्हती. भाच्याने स्पीकरच्या टोकांना मीटर लावून दोन्ही ॲम्प्लिफायरची पातळी जुळवली, मधे एक चादर बांधली आणि पलीकडे स्विच घेऊन बसला. नाणे उडवायचे, छाप पडली तर जुना, काटा पडला तर नवा. सोळा वेळा. आम्ही प्रत्येक वेळी उत्तर सांगितले आणि घरमालकांनी ते वहीत लिहिले.

सोळापैकी आमची नऊ बरोबर आली. नुसते नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी आठाच्या आसपास आली असती.

अशा चाचण्या पूर्वीही झाल्या आहेत. 1987 च्या जानेवारीत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने काहीशे डॉलरपासून हजारो डॉलरपर्यंतचे ॲम्प्लिफायर असेच झाकून ऐकवले होते. ऐकणाऱ्यांत फरक नक्की आहे असे मानणारेही होते. त्यांनाही तो खात्रीने ओळखता आला नाही. याचा अर्थ सगळे ॲम्प्लिफायर सारखेच, असा कुणी घेऊ नये. झेपेल त्यापेक्षा जास्त रेटले तर ॲम्प्लिफायर आवाज फाडतो. स्पीकर अवघड असेल तर दुबळा ॲम्प्लिफायर गडबडतो. मोठा हॉल असेल तर वॅट लागतातच. पण त्या बैठकीच्या खोलीत, त्या स्पीकरांवर, त्या आवाजात आम्हाला फरक कळत नव्हता, आणि दुकानात आम्ही तो कळतो असे सांगितले होते.

मग दुकानात आम्ही खोटे बोललो का? संत ऑगस्टिन यांनी खोटे बोलण्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. फसवण्याचा हेतू असल्याशिवाय असत्य विधान हे खोटे बोलणे ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. जो खरे समजून चुकीचे बोलतो तो चुकतो, पण खोटारडा होत नाही. या न्यायाने आम्ही सुटतो. दोन दिवस आम्ही या सुटकेवर समाधान मानण्याचा प्रयत्न केला, पण ते जमले नाही.

"मला स्वर मोकळे वाटले" हे एक वाक्य. "यात स्वर मोकळे आहेत" हे दुसरे. पहिले आमच्याविषयी आहे आणि ते खरेच होते, आम्हाला तसे वाटले होते. दुसरे यंत्राविषयी आहे आणि त्यावर दुसऱ्याचे पैसे जाणार होते. आम्ही बोललो ते दुसरे वाक्य. त्या दोहोंच्या मधली पायरी आम्ही ओलांडली, कारण आम्ही जाणकार म्हणून आलो होतो आणि जाणकाराला काहीच ऐकू आले नाही तर कसे दिसेल! फसवण्याचा हेतू नव्हता, पण जितकी खात्री होती त्याहून जास्त खात्रीने बोललो. संकेतात आमच्या पदरचे काहीतरी घातले.

इथे कुणी म्हणेल, फादर, एखाद्याचा कान खरोखर तयार असतो त्याचे काय? असतो. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने 1757 सालच्या एका निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट सांगितली आहे. द्राक्षरस चाखून एक जण म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, किंचित लोखंडाची चव येते. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामे केले जाते, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. बारीक पारख ही थट्टेची गोष्ट नाही. पण त्या दोघांचे खरे ठरले ते पिंप रिकामे केल्यावर. आमचेही पिंप भाच्याने त्या दिवशी रिकामे केले. तळाशी किल्ली नव्हती.

आम्ही घरमालकांना तसे सांगितले, आणि दुकानातले आमचे बोलणे मागे घेतो असेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण फादर, मला तर नव्यातच चांगलं वाटत होतं." आम्हाला हसू आले आणि वाईटही वाटले. ते ‘वाटणे’ त्यांना आम्हीच दिलेले होते.

तरी शेवटी त्यांनी नवाच घेतला. मात्र दोघांतला स्वस्त, चाळीस वॅटचा. आम्ही कारण विचारले. त्यांची आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आहे आणि दोन्ही खोल्यांमधले दार दिवसभर उघडे असते. गाणे मोठे झाले की ती हाक मारते, पण स्वयंपाकघरात कुणाला ऐकू जात नाही. जुन्याला रिमोट नव्हता. आता रिमोट आईच्या उशाशी असतो. आवाज कमी करण्याच्या बटणावर सुनेने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला आहे. जुना ॲम्प्लिफायर भाचा घेऊन गेला.