क्षमा कोणाची, आणि उठून उभे राहण्याचा खर्च कोणाचा?

वाचकहो, क्षमा हा दैवी संपत्तीतला गुण आहे याविषयी आपणांत दुमत नाही. दुमत आहे ते निराळ्याच ठिकाणी. ज्याच्या अंगाला ओरखडासुद्धा गेला नाही, त्याने ज्याचे घर रक्तात बुडाले त्याला क्षमेचा उपदेश करावा काय?

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक बाई भेटली. बांधाच्या भांडणात तिच्या नवऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातलेली. पदरात दोन लेकरे. गावातली शहाणी माणसे तिला समजावीत होती, "झालं ते प्रारब्ध. कोर्टात साक्षीला उभी राहू नकोस. माळकऱ्याच्या घरात वैर शोभत नाही." ती मला म्हणाली, "महाराज, क्षमा मी करायची, का ह्यांनी माझ्याकडून करून घ्यायची?"

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे, तिचा आरंभ अभयापासून होतो. क्षमा येते ती तिसऱ्या श्लोकात, आणि तीही तेजाच्या मागून. हा क्रम मला फार अर्थाचा वाटतो. भ्यालेले माणूस गप्प बसते ती क्षमा नव्हे, ती दहशत. पैठणास नाथमहाराजांवर यवन थुंकला आणि महाराज पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरले, ही कथा आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो. पण अहो, ती थुंकी नाथांच्या अंगावर पडली होती! दुसऱ्याच्या अंगावर पडलेली थुंकी त्याने मुकाट्याने पुसावी, असा उपदेश नाथांनी केल्याची ती कथा नाही. प्रारब्धाचेही तसेच. तो शब्द ज्याने त्याने स्वतःपुरता उच्चारावा. दुसऱ्याच्या जखमेवर ठेवला की तो आपल्या आळसाचे पांघरूण होतो.

आता कोणी म्हणेल, "बरे, न्याय मागावा, पण सरकारकडून पैसे घ्यायचे म्हणजे रक्ताचा सौदाच की!" पाठशाळेत धर्मशास्त्र शिकताना एक शब्द भेटला होता, तो येथे आठवतो: समुत्थानव्यय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आहे, याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच विचार आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. दुसऱ्याचे अंग मोडणाऱ्याने जखमीला तो पुन्हा उठेपर्यंतचा खर्च द्यावा, असा नियम. ही रक्ताची किंमत नव्हे, उभे राहण्याचा खर्च आहे. आणि गौतमधर्मसूत्र सांगते, की चोरीचा माल राजाने मिळवून धन्यास द्यावा, न मिळाल्यास आपल्या कोशातून भरून द्यावा. ज्याने रक्षणाचे वचन देऊन कर घेतला, त्याच्यावर रक्षण चुकल्याचे देणे चढते. (त्याच स्मृतींत दंडाचे माप जात पाहून बदलते. ते टाकण्याजोगे आहे, आणि ते टाकल्याने मूळ तत्त्वाला बाध येत नाही.)

मधल्या काळात हे तत्त्व विसरले गेले. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चाले, आणि जिचा धनी गेला ती त्यात केवळ एक साक्षीदार. २००८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली, ती ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आली, तेव्हा कुठे ‘पीडित’ या शब्दाला कायद्यात जागा मिळाली. त्यात वारसही धरले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती व्यवस्था कलम ३९६ मध्ये आहे. पीडितास किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांस राज्याने भरपाई द्यायची. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही अर्ज करता येतो. गौतमांचा कोश तो हाच!

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. स्त्रियांना आणि मुलांना तेथे वकीलही फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्याने दिलेला तो हक्क आहे. चौकशीसाठी १५१०० हा दूरध्वनी आहे. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायचे आहे. बलात्कार, अॅसिडहल्ला आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांत सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार करायचे. आरोपी सुटला तर पीडितास स्वतः अपील करता येते.

आणि गावात ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की खून आणि बलात्कार हे गुन्हे आपसात मिटवण्याची कायद्यात सोयच नाही. साक्षीदाराला धमकी येत असेल तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आहे, आणि जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येते. अभय आधी, हे येथेही आहेच.

पण योजना कागदावर असते आणि कचेरी जिल्ह्याला. एकट्या बाईने रोज बुडवून, लेकरू कडेवर घेऊन, कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीच्या नातलगांसमोर दिवसभर बसायचे, हे सोपे नव्हे. दिंडीत आपण थकल्याभागल्याचे ओझे न विचारता उचलतो. तसे गावातले दोन टाळकरी त्या दिवशी तिच्याबरोबर एस.टी.त बसले, तर आणखी काय पाहिजे?

आम्हा कीर्तनकारांनाही एक सांगणे आहे. दृष्टांत रंगावा म्हणून कुणी अत्याचार झालेल्या मुलीचे गाव सांगतो, कुणी बापाचे नाव घेतो. तिची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कैदेचे राहू द्या. समोरच्या बायकांत तिची मावशी बसलेली असते.