भर आणि शोध

यंत्राची दुरुस्ती हा कारागिराचा विषय आहे, नीतिशास्त्राचा नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. ढिला झालेला स्क्रू आवळण्यास धर्माधर्माचा विचार लागत नाही. परंतु काही बिघाड असे असतात की, ते तसेच राहू दिले तरी माणसाचे काम बरेच दिवस निभावते. अशा ठिकाणी कारागिराच्या आधी मालकाच्या मनाची परीक्षा होते. जुन्या व्हॅनच्या इंजिनातून होणारी कूलंटची गळती हा या जातीचा बिघाड आहे. तिच्या निमित्ताने आम्हांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे: जे शोधून काढता येण्याजोगे आहे, ते न शोधण्याचा आपणास अधिकार आहे काय?

१९८४ साली रस्त्यावर आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने घरोघर ठाऊक झालेली मारुती व्हॅन उदाहरणादाखल घेऊ. तिचे उत्पादन २०१९ साली थांबले. तथापि शाळेच्या मुलांची ने-आण करताना ती अजूनही दृष्टीस पडते. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन पुढील आसनांच्या खाली असते. चालक अक्षरशः इंजिनावर बसलेला असतो, पण आसन उचलल्यावाचून त्यास ते दिसत नाही. या इंजिनाची उष्णता पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण वाहून नेते व रेडिएटरात ती हवेच्या स्वाधीन करते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग या मिश्रणावर दाब राखते, कारण दाबाखाली द्रव लवकर उकळत नाही. एरवी १०० अंशांवर उकळणारे पाणी एका वातावरणाइतका जादा दाब असता सुमारे १२० अंशांपर्यंत शांत राहते. म्हणून गळतीने केवळ पाणीच जाते असे नव्हे, तर दाबही जातो, आणि उरलेले पाणीही आपले काम सोडू लागते.

आता या गळतीवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे वरून भर घालणे. बाटलीभर पाणी ओतले की गाडी चालू लागते. हा उपाय स्वतः वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रोज सकाळी इंजिन थंड असता मापाने पाणी घालून तो आकडा वहीत टिपणारा चालक भरही घालतो आणि शोधही घेतो. गेल्या आठवड्यात पाव लिटर लागत होते, या आठवड्यात अर्धा लिटर लागले, एवढ्यावरून दोष वाढत आहे हे त्यास कळते. दुसरा चालक तेच पाणी तितकेच ओततो, पण मोजीत नाही. कृती एकच, परंतु पहिल्याच्या कृतीने ज्ञान वाढले, दुसऱ्याच्या कृतीने अज्ञान सुखाचे झाले. उपाय आणि लपवणूक यांतील भेद ओळखण्यास आम्हांस यापरते चांगले माप दिसत नाही.

शोध घेणे काही फार गहन आहे असेही नाही. थंड इंजिनाच्या रेडिएटरवर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावयाची, आणि पंधरा मिनिटे दाबमापकाचा काटा न्याहाळावयाचा. काटा उतरला म्हणजे गळती आहे. मग रबरी नळ्यांची टोके, त्यांवरील क्लॅम्प, रेडिएटरचे सांधे यांवर ओल किंवा वाळलेल्या रंगाचा थर शोधावयाचा. बाहेर सर्वत्र कोरडे असूनही काटा उतरत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर जातो. गोडसर वासाचा पांढरा धूर आणि दुधाळ झालेले ऑइल या संशयास पुष्टी देतात. आणि ज्वलनाचा वायू मिसळताच निळ्याचा पिवळा होणारा एक द्रव रेडिएटरच्या तोंडाशी धरला म्हणजे निर्णय होतो. दोष नळीचा असेल तर खर्च थोडका. गॅस्केटचा असेल तर हेड उतरवून, ते वाकले आहे की काय हे पट्टीने पाहून, वाकले असल्यास सपाट करून घ्यावे लागते. या दुसऱ्या खर्चाचे भयच बहुधा शोधाच्या आड येते.

वॉटर पंपाच्या अंगास एक बारीक छिद्र असते, त्याकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. ते बनविणाऱ्याने हेतुपूर्वक ठेविलेले असते. आतील सील झिजले की पाणी तेथून ठिबकावे, बेअरिंगात शिरू नये, आणि मालकास वेळीच कळावे, यासाठी त्याची योजना आहे. हे छिद्र बुजविल्यास जमिनीवरील डाग नाहीसा होईल, पण पंपाचा नाश त्वरेने होईल. रेडिएटरात हळदीची पूड किंवा बाजारातील एखादे गळतीबंद औषध टाकणे हेही यांतलेच. निर्जन घाटात अडकलेल्यास वस्ती गाठण्यापुरता तो उपाय निंद्य नाही. पण तोच कायमचा मानला, तर ती पूड छिद्राबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही भरून टाकते.

यावर कोणी म्हणेल, की ज्याची एक दिवसाची गाडी उभी राहिली तर चूल थंडावते, त्यास हा उपदेश करणे सोपे आहे. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. दारिद्र्य दुरुस्ती पुढे ढकलण्यास भाग पाडू शकते. परंतु पाहू नये असे ते कोणास सांगत नाही. वहीत आकडा टिपण्यास पैसा लागत नाही. आणि आज नळी बदलता येत नसेल, तरी आज ही गाडी मुलांनी भरून चढावर न्यावी की नाही, हे ठरविण्यास तो आकडाच उपयोगी पडतो.

कारण येथे प्रश्न एकट्या मालकाचा राहत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने दोष जाणूनबुजून झाकणे यास कपट म्हटले आहे, पण नुसते मौन सहसा कपट मानलेले नाही. लिलावात सदोष घोडा विकणारा काही बोलला नाही, तर ते कपट नव्हे, असे उदाहरण कलम १७ खाली दिले आहे. परंतु लगेच पुढील उदाहरणात घेणारी ही विकणाऱ्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते, असेही म्हटले आहे. जेथे विश्वासाचे नाते आहे, तेथे मौनाची सवलत संपते. व्हॅनमध्ये बसणारे मूल आसन उचलून पाहत नाही. रस्त्यावर सांडलेले गोड कूलंट चाटणाऱ्या कुत्र्यास ते विष आहे हे ठाऊक नसते. ज्यांस शोध घेता येत नाही, त्यांच्या वाटचा शोध आपणावर येऊन पडतो.

"काटा तर वर गेला नव्हता," हे उत्तर अशा प्रसंगी नेहमी ऐकू येते, आणि ते पुष्कळदा खोटे नसते. उष्णता दाखविणारे उपकरण पाण्यात बुडालेले असते तोवरच भरवशाचे असते. पाणी त्याच्याखाली उतरले म्हणजे भोवतीच्या हवेची उष्णता त्यास नीट पोचत नाही, आणि इंजिन होरपळत असता काटा स्वस्थ राहू शकतो. माणसाच्या सदसद्विवेकाचीही हीच गत आहे, असे आम्हांस वाटते. न पाहण्याची सवय पुरेशी मुरली म्हणजे तोही टोचेनासा होतो, आणि त्या शांततेस आपण निर्दोषपणा समजू लागतो. तेव्हा आपले मन आपणास बोलत नाही, एवढ्यावर विसंबून न राहता, शहाण्याने मधूनमधून आसन उचलून आत पाहावे, हे बरे.